पत्रातली कंसातली ओळ

पावसाने मैदानं बंद, फर्मागुडीच्या चढावर शेवाळ धरलंय, त्यामुळे पळणारे सगळे घरात आणि त्यांच्या घरच्यांना पत्रं लिहायला भरपूर वेळ, असं काहीतरी झालेलं दिसतंय. यावेळी पत्रांचा गठ्ठाच आला. आणि गंमत म्हणजे बहुतेक पत्रं खेळाविषयी नाहीतच, खेळाडूच्या आजूबाजूच्या माणसांविषयी आहेत. २०२३च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याकडे राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, गोव्याने ९२ पदकं घेतली, तेव्हापासून 'माझी टीम' हा शब्द घराघरात शिरलाय. कोच, फिजिओ, डाएटवाली, मनाचा कोच. शब्द आला, पण त्या माणसांनी एकमेकांशी वागायचं कसं ते कुणी शिकवलं नाही.

ताई, माझी मुलगी सतरा वर्षांची, ४०० मीटर पळते, राज्य पातळीवर दोनदा मेडल आहे. आता नॅशनलची तयारी चाललीय. दीड महिना झाला डाव्या पायाची नडगी दुखते. सर म्हणतात पळता पळता जाईल. पणजीचे फिजिओ म्हणतात पळणं बंद. हिचे बाबा शाळेत असताना कबड्डी खेळायचे, ते यूट्यूब बघून वेगळेच व्यायाम देतात. मुलगी तिघांनाही हो म्हणते आणि रात्री माझ्याजवळ येऊन रडते. (पाळीही चार महिने आलेली नाही, पण एवढ्या मेहनतीत असं होतंच असं सर म्हणाले.) कुणाचं ऐकायचं? — एक आई, डिचोली

बाई, तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही कंसात घातलीत. मी पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तिथेच अडकले. पाळी चार महिने नाही हे 'होतंच' मधलं नाही. पळणाऱ्या मुलींमध्ये हे बऱ्याचदा दिसतं हे खरं, पण बऱ्याचदा दिसतं म्हणून ते ठीक असतं असं कुठंय, आपल्याकडे जूनमध्ये दरडी पण बऱ्याचदा कोसळतात.

साधं करून सांगते. शरीराला जेवढं लागतं तेवढं अन्न मिळालं नाही आणि वरून रोज दोन वेळचा सराव, की शरीर काटकसर सुरू करतं आणि ज्या गोष्टीवाचून आज अडत नाही ती आधी बंद करतं, म्हणजे पाळी. पाळी थांबली की इस्ट्रोजेन कमी, आणि हाडं भक्कम ठेवायला ते लागतं. मग त्याच हाडांवर रोज शेकडो वेळा आपटलेलं पाऊल. ऑलिम्पिक समितीच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये या सगळ्याला एकत्र नाव दिलं, रेड-एस म्हणतात त्याला, मुलग्यांनाही होतं, फक्त त्यांच्यात पाळीसारखी घंटा वाजत नाही म्हणून उशिरा कळतं. तेव्हा नडगी आणि पाळी ही दोन वेगळी दुखणी आहेत असं समजू नका. दुखणं हाडाच्या कडेने लांबवर पसरलेलं आहे की एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी आहे ते तिला विचारा. एकाच जागी असेल, रात्री बसल्या बसल्याही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. आणि एक्सरे चांगला आला म्हणून उड्या मारू नका, सुरुवातीच्या आठवड्यांत ती चीर एक्सरेत बरेचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते. मी डॉक्टर नाही. म्हणून हे पत्र वाचून संपलं की तिला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, घेऊन जा, हाडांच्या डॉक्टरांकडे आणि स्त्रीरोगवाल्यांकडे, दोघांकडेही, आणि दोघांनाही दोन्ही गोष्टी सांगा. तोवर पळणं बंद. हे एवढं तरी माझ्या शब्दावर ऐका.

आता 'कुणाचं ऐकायचं'. तुमच्या मुलीकडे तीन जाणकार आहेत आणि ती तिघांशीही खोटं बोलतेय. खरं ती फक्त तुमच्याजवळ बोलते, तेही रात्री, दिवा मालवल्यावर. म्हणजे आज तिची टीम कोण आहे तर तुम्ही एकट्या, आणि तुम्हाला खेळातलं काही कळत नाही असं तुम्हीच धरून चालला आहात.

मी स्वतः ८०० मीटर पळायचे. आमचे एक सर होते, नाव नको, माणूस वाईट नव्हता, पण दुखतंय म्हटलं की पुढच्या स्पर्धेच्या यादीतून नाव गायब. दोनतीन मुलींचं तसं झालेलं बघितलं आणि आम्ही सगळ्या शहाण्या झालो. मी टाच दुखत असताना अख्खा सीझन पळाले, चेहरा असा ठेवायचा सराव केला की बस. सरांना माझी स्प्लिट टायमिंगं तोंडपाठ होती आणि टाचेचं काही माहीत नव्हतं. पुढे त्या टाचेचं दुखणं दोन वर्षं पुरलं. मला अजून वाटतं की सरांना कळलं असतं तर ते ओरडले असते आणि मग काहीतरी केलंही असतं, पण आमच्यात ते सांगायची वाटच नव्हती.

ती वाट करून द्या. एक वही घाला, शंभर पानी, साधी. रोज सकाळी तिने चार गोष्टी लिहायच्या: झोप किती झाली, उठल्यावरची नाडी, दुखणं दहापैकी किती, पाळीची तारीख. तीच वही सर बघणार, तीच फिजिओ बघणार, तीच डॉक्टर. तोंडाने 'दुखतंय' म्हणायला जीभ जड होते, 'सहा' असा आकडा लिहायला होत नाही. पाळीची तारीख सरांना कशी दाखवायची म्हणून तुम्ही अवघडाल हे मला इथे बसून दिसतंय. पण जो माणूस तिच्याकडून ३०० मीटरचे सहा रिपीट करून घेतो त्याला हे माहीत हवंच, आणि 'होतंच' असं सर म्हणाले म्हणजे तुम्ही त्यांना आधीच सांगितलेलं आहे की, मग आता तारखेसकट सांगा.

दुखण्याचा शेवटचा शब्द डॉक्टर-फिजिओचा, सरावाचा सरांचा, आणि धावायचं की नाही हा तिचा स्वतःचा. सरांकडे जाताना 'फिजिओ बंद म्हणतात' असं सांगत जाऊ नका, त्यात भांडण आहे. 'सर, इतके आठवडे पळायला मनाई आहे, तेवढ्यात तुम्ही तिच्याकडून काय करून घ्याल?' असं विचारा. चांगला कोच असेल तर तिथल्या तिथे कागद काढून पाण्यातला सराव, सायकल, वरच्या अंगाचा व्यायाम लिहायला लागेल. त्याला काम द्या, तो रुसणार नाही. तरीही रुसला तर तेही कळलेलं बरं.

राहिले बाबा. त्यांच्याकडून यूट्यूब काढून घ्या आणि सकाळी दहाची पेज त्यांच्याकडे द्या. थट्टा नाही करत हां. सरावानंतर अर्ध्या-पाऊण तासात तिच्या पोटात नीट जेवण जाणं, उकड्या तांदळाची पेज, अंडी, नुस्तं म्हणजे मासे, नाचणीचं सत्त्व, जे असेल ते, हे सध्या त्या घरातलं सगळ्यात महत्त्वाचं पद आहे आणि ते रिकामं आहे.

कुस्तीवाल्या विनेश फोगटच्या वेळी १०० ग्रॅमवरून एवढं झालं, मग तिच्याबरोबरची एवढी मोठी टीम काय झोपली होती का? — म्हापसा

झोपली नव्हती. हाच तर मुद्दा आहे, रात्रभर जागी होती.

आठवून बघा. ६ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिम्पिक, ५० किलो गट. सकाळी वजन ४९.९. त्याच दिवशी तीन कुस्त्या, पहिलीच जपानच्या युई सुसाकीशी, जी आंतरराष्ट्रीय मॅटवर तोवर एकदाही हरलेली नव्हती. तिन्ही जिंकल्या. कुस्त्यांच्या मध्ये खावं-प्यावं लागतंच, नाहीतर उभी कशी राहील, आणि संध्याकाळी वजन मर्यादेच्या २.७ किलो वर. मग रात्रभर सायकल, सॉना, घाम, शेवटी केस कापले, कपडे आखूड केले. सकाळी १०० ग्रॅम जास्त, आणि अंतिम कुस्तीआधीच बाद. नियम असा की दोन्ही दिवशी सकाळी वजन होतं आणि ऑलिम्पिकमध्ये एक ग्रॅमची सूट नाही. लवादाने पण अपील फेटाळलं.

त्या रात्रीच्या माणसांना मी दोष देणार नाही. पोषणतज्ज्ञाचा हिशोब दिवसभरात दीडेक किलो वाढेल असा होता, ते जास्त वाढलं. शरीर हिशोबवहीप्रमाणे चालत नाही. पण ती त्याआधी काही वर्षं ५३ किलोत खेळायची, आणि ५३ मधली जागा दुसरीकडे गेलेली म्हणून ५० मध्ये उतरली, हे पॅरिसच्या कितीतरी महिने आधी ठरलेलं होतं. तेव्हा टेबलाभोवती बसून कुणीतरी विचारायला हवं होतं की पहिल्या दिवशी तीन कुस्त्या खेळून दुसऱ्या सकाळी परत हे वजन येणार का, एकदा तरी तसंच्या तसं करून बघूया का. कुणी विचारलंही असेल, आपण तिथे नव्हतो.

मला खटकलं ते नंतरचं. देशाच्या ऑलिम्पिक संघटनेकडून जाहीर झालं की वजनाची जबाबदारी खेळाडूची आणि तिच्या कोचची, संघटनेने नेमलेल्या डॉक्टरांची नाही. कागदावर बरोबर असेल. पण भारताचे ११७ खेळाडू आणि त्यांच्यामागे १४० जणांचा सपोर्ट स्टाफ एवढं लटांबर पॅरिसला गेलं होतं, आणि ती मुलगी बाद ठरली तेव्हा अंगातलं पाणी गेल्यामुळे सलाईनवर होती. काही दिवसांतच कोण कोणाचं नाही ते सांगायची घाई काय होती?

मी काणकोणकडे शाळेत पीटी शिक्षक. एका मुलाला सहा वर्षं भाला शिकवला, सुरुवात बांबूने केली कारण शाळेत भालाच नव्हता. आता त्याला परराज्यातल्या मोठ्या अकादमीत घेतलं. जाताना पाया पडला. तीन आठवडे झाले, फोन नाही. पेपरात त्याची छोटी मुलाखत आली त्यात नव्या कोचचं नाव आहे, माझं नाही. रागावलोय असं नाही, पण झोप लागत नाही. — मास्तर

मास्तर, रागावलाच आहात, आणि रागवा की, सहा वर्षं म्हणजे काय थोडी झाली? बांबूवाल्या माणसाचं नाव यायला हवं होतं. पण मुलाखत छापणाऱ्याने शेवटचा परिच्छेद कापला असेल हेही असू द्या मनात, आम्ही लोक कापतो.

भाल्याचंच उदाहरण देते. नीरज चोप्राच्या हातात पहिल्यांदा भाला आला तो पानिपतच्या स्टेडियममध्ये, शिकवणारा जयवीर, स्वतः भालाफेक करणारा मोठा मुलगा. मग पुढे उवे होन, ज्याने १९८४ मध्ये जुन्या घडणीचा भाला १०४.८० मीटर टाकला होता. मग क्लाऊस बार्टोनिट्झ, बायोमेकॅनिक्सचा माणूस, त्याच्याबरोबर टोकियोचं सुवर्ण आणि पॅरिसचं ८९.४५ चं रौप्य. मग यान झेलेझनी, ज्याचा विश्वविक्रम ९८.४८ मीटरचा आहे, आणि २०२५ च्या मे महिन्यात दोह्याला एकदाचे नव्वद पार, ९०.२३. यातला कुठला माणूस जास्त आणि कुठला कमी हे कुणी सांगावं? जयवीर नसता तर बाकीच्यांना शिकवायला कुणी नव्हतंच.

सगळे निरोप असे गोड नसतात. सायना नेहवाल २०१४ मध्ये गोपीचंदना सोडून बंगळुरूला विमलकुमारांकडे गेली तेव्हा किती बोललं गेलं. तिथे ती जगात पहिल्या नंबरवर पोचली. आणि २०१७ मध्ये परत गोपीचंदांकडे आली. नेमबाज मनू भाकर आणि तिचे कोच जसपाल राणा यांचं टोकियोच्या आधी इतकं फिसकटलं की बोलणं बंद, आणि २०२३ मध्ये तिनेच फोन करून बोलावलं. पॅरिसमध्ये तिने दोन ब्राँझ घेतली तेव्हा राणा अधिकृत कोच म्हणून आत नव्हतेच, प्रेक्षकांत बसले होते आणि ती मागे वळून त्यांच्याकडे बघायची. एवढ्या भांडणानंतर ते प्रेक्षकांत जाऊन बसले हे मला त्या दोन पदकांइतकंच आवडलं. (माझे दोन मित्र कोच आहेत, तिकीट पास नसेल तर ते विद्यार्थ्याच्या लग्नालासुद्धा जाणार नाहीत.)

तुमचा मुलगा परत येईलच असं मी म्हणत नाही. बहुतेक येत नाहीत. पण तुमच्याकडे एक गोष्ट अशी आहे जी त्या अकादमीत कुणाकडे नाही: त्याच्या शरीराचा इतिहास. कोपर कधी दुखलं, एका वर्षात उंची किती वाढली आणि तेव्हा रनअप कसा बिघडला, पावसात भाला निसटला त्यानंतर तो किती दिवस घाबरून टाकत होता. हे सगळं दोन पानांत लिहा आणि नव्या कोचला पाठवा. हक्क सांगायला म्हणून नको, माहिती म्हणून. समजूतदार कोच असेल तर तो स्वतःच तुम्हाला फोन करेल. आणि मुलाला फोन तुम्हीच करा हो. त्या वयाच्या पोराला वसतिगृहात पहिल्या महिन्यात कुणाला फोन करायचं सुचत नाही, त्याच्या आईला विचारा, तिलाही नसेल आला.

बुद्धिबळाला कसली आलीय टीम? एकटाच तर बसतो! — साखळी

पटावर एकटा, बरोबर. गुकेश १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये जगज्जेता झाला तेव्हाही खुर्चीत एकटाच होता. पण मागे ग्रेगोश गायेव्स्की हा पोलिश ट्रेनर, त्याच्याबरोबर आपला हरिकृष्ण, जर्मनीचा किमर, पोलंडचा डुडा असे लोक, यांना सेकंड म्हणतात, आणि ही नावं सामना संपेपर्यंत गुपित होती, कारण कोण मदत करतंय हे कळलं तरी समोरच्याला ओपनिंगचा अंदाज येतो. मनाच्या तयारीला पॅडी अप्टन, तोच जो २०११ च्या क्रिकेट वर्ल्ड कपला आपल्या संघाबरोबर होता. आणि गुकेशबरोबर फिरण्यासाठी त्याच्या वडिलांनी डॉक्टरकी बाजूला ठेवलेली.

लांब कशाला, आपल्या गोव्याचा लिऑन मेंडोन्सा. २०२० मध्ये वडिलांबरोबर काही स्पर्धा खेळायला हंगेरीला गेला आणि लॉकडाऊनमुळे दोघं तिथेच अडकले, महिनोन्महिने. परक्या देशात बाप-लेक दोघंच, त्यातूनच स्पर्धा खेळत खेळत चौदाव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, भारताचा ६७वा. तिथे बापाने कुठली चाल सुचवली असेल असं मला नाही वाटत. भात मात्र लावला असणार.

मुलगी पंधराची. बाहेरगावी स्पर्धेला कोच एकटेच नेणार म्हणतात, बरोबर बाई कुणी नाही. विचारलं तर 'विश्वास नाही का' म्हणतात. — पेडणे

विचारायचंच. २०२२ मध्ये साईने, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाने, सगळ्या राष्ट्रीय संघटनांना सांगितलंय की मुली असलेल्या पथकाबरोबर महिला कोच हवीच, तेव्हा तुम्ही काही जगावेगळं मागत नाही. बाई नसेल तर तुम्ही जा, नाहीतर मुलगी जाणार नाही, एक स्पर्धा चुकली तर चुकली. खोली मुलींबरोबर, मसाज उघड्या दारात आणि दुसरं कुणी हजर असताना, कोचचे मेसेज पालकांच्या ग्रुपवर. चांगल्या कोचला हे नियम हवेच असतात, त्यालाही त्यानेच संरक्षण मिळतं. जो विश्वासाच्या नावाखाली प्रश्न बंद करतो त्याच्याबाबत मी आणखी दोन प्रश्न विचारेन. मुलीला वेगळं बसवून, घाई न करता, विचारा सगळं ठीक आहे ना. नसेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लक्षात ठेवा, आणि लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा अठराच्या खालच्या प्रत्येक मुलासाठी आहे.

माझी ताई लांब पल्ल्याची रनर. मी बारावीला आहे. तिच्या रेसला मी फक्त बाटल्या धरून उभा असतो. आई म्हणते टीममध्ये आहेस, मित्र म्हणतात हमाल आहेस. — फोंडा

मित्रांना विचार, १९५२ ला खाशाबा जाधव हेलसिंकीला कसे गेले. त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. त्या माणसाने खाशाबांना कुस्तीचा एक डाव शिकवला नव्हता.

आणि बाटलीचंच म्हणशील तर २०१८ मध्ये बर्लिनला किपचोगेने मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला, २:०१:३९, तेव्हा त्याला बाटल्या देणारा एक हौशी माणूस होता, सायकल मारत पुढच्या टेबलावर पोचायचा, बाटली नीट हातात गेली की लहान मुलासारखा उड्या मारायचा. जगभर त्याचा व्हिडिओ फिरला. २०२२ मध्ये त्याच शहरात किपचोगेने परत विक्रम मोडला, २:०१:०९, आणि बाटल्या द्यायला परत तोच. मॅरेथॉनमध्ये बाटली एकदा हुकली की पुढच्या पाच किलोमीटरपर्यंत काही नाही, आणि वेग कमी न करता ती पकडायची म्हणजे देणाऱ्याचा हात दरवेळी त्याच उंचीवर हवा. जा, ताईबरोबर मैदानावर प्रॅक्टिस कर, वीस वेळा.

दुसरं, बाटली नजरेआड करायची नाही. कुणी 'जरा धर' म्हटलं तरी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, बाकावर ठेवून मोबाईल बघत बसायचं नाही. डोपिंगच्या नियमात अंगात काय सापडलं त्याला जबाबदार खेळाडूच, कुणी दिलं, चुकून गेलं का, ही पुढची भानगड. जिमवाल्याने दिलेली पावडर त्यात घालायची नाही, खोकल्याचं औषध पण डॉक्टरला 'ही खेळाडू आहे' असं सांगूनच घ्यायचं. हे सगळं सांभाळणारा हमाल असेल तर असू दे.

आणि बाटलीवर मार्करने नाव लिही. एकदा एका लांब पल्ल्याच्या रेसला मी तिसऱ्या लॅपला दुसरीच्याच भावाच्या हातातली बाटली ओढून घेतली होती, घटाघटा प्यायले, तर तिखट सोलकढी.